पेन्शनर गोपाळबाबा

देवास जिल्ह्याच्या दक्षिण भागात, माळव्याचे काळे पठार विंध्याच्या उतरणीकडे झुकू लागते तेथे, बागली हा लहानसा कसबा वसला आहे. उत्तरेकडे वाहत जाऊन राजस्थानात चंबळेला मिळणारी कालीसिंध नदी याच परिसरातील डोंगरांत उगम पावते. शिंदे, होळकर आणि देवास-धारचे पवार यांच्या राज्यांमुळे या पठारावर मराठी माणसांची वस्ती अठराव्या शतकापासून आहे. हा मुलूख जसा जहागिरींचा आणि कसब्यांचा, तसाच तो फौजांचाही. आणि फौजेचा मुलूख म्हटला, की तेथे पेन्शनर आलेच.

लहान गावातील पेन्शनर शिपाई ही एक निराळीच व्यक्ती असते. त्याने देश पाहिलेला असतो. हुकूम कसा वाचावा, अर्ज कोणाकडे करावा, कचेरीत कोणत्या दाराने शिरावे, हे त्याला ठाऊक असते. महिन्याच्या महिन्याला येणारी थोडीशी रक्कम आणि हाती उरलेला पुष्कळसा वेळ एवढेच त्याचे भांडवल. कोणी या भांडवलावर स्वस्थ बसून राहतो. कोणी त्यातूनच गावाची शाळा, शेजाऱ्याचा दाखला, विधवेची दाद अशी कामे अंगावर घेतो. अशा माणसाची आठवण गावात एक-दोन पिढ्या राहते, पण त्याचे चरित्र सहसा कोणी लिहीत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोकणातील दापोलीस राहणारे निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर हे याच जातीचे गृहस्थ होते. फरक इतकाच, की त्यांनी आपल्या एका गावाचे नव्हे, तर एका संपूर्ण समाजाचे गाऱ्हाणे शिरावर घेतले.

माळव्याच्या वाटेनेही त्यांच्यापर्यंत पोहोचता येते. बागलीच्या पश्चिमेस इंदूर आणि इंदूरच्या पलीकडे महू. १८१७ च्या डिसेंबरात महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव झाला, पुढच्याच महिन्यात मंदसौरचा तह झाला, आणि त्या तहामागोमाग महूला इंग्रजांची छावणी उभी राहिली. या छावणीत मुंबई सैन्याच्या पलटणी येत-जात असत आणि त्या पलटणींत कोकणातील महार शिपाई असत. १८९१ मध्ये महूच्या लष्करी शाळेचे मुख्याध्यापक असलेले सुभेदार रामजी मालोजी सकपाळ हे अशांपैकीच एक. त्यांचे घराणे मंडणगड तालुक्यातील आंबडवे गावचे. त्यांच्या घरी त्या वर्षी १४ एप्रिल रोजी जो मुलगा जन्मास आला, त्याला पुढे जगाने डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हणून ओळखले. रामजी १८९४ मध्ये निवृत्त झाले आणि कुटुंबासह दापोलीस जाऊन राहिले.

माळव्यातून निघालेल्या या सुभेदाराने दापोलीच का गाठावी? पेशवाईच्या अस्तानंतर इंग्रजांनी दापोलीस लष्कराचे ठाणे केले होते. ते ठाणे पुढे उठले, पण गावाच्या नावामागची ‘कॅम्प’ ही खूण राहिली आणि पेन्शनरांची वस्तीही राहिली. हवा थंड, जिन्नस स्वस्त, आपली मूळ गावे जवळ आणि भोवती पलटणीतले जुने सोबती. त्यामुळे नोकरी संपलेले महार सुभेदार, जमादार, हवालदार तेथे घर करून राहत. गोपाळबाबा १८८६ मध्ये सैन्यातून निवृत्त झाले आणि याच वस्तीत येऊन सामील झाले. त्यांचे मूळ गाव महाडजवळचे रावढळ.

ही पेन्शनर मंडळी कोणत्या परंपरेतून आली होती, हे समजल्याखेरीज गोपाळबाबांच्या कार्याचा अर्थ लागत नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात महारांची भरती अठराव्या शतकापासून होत असे. १ जानेवारी १८१८ रोजी भीमा नदीकाठी कोरेगाव येथे झालेल्या लढाईत जे कामास आले, त्यांची नावे तेथील स्तंभावर कोरलेली आहेत. त्यांतील २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ हा शब्द आहे आणि ती महार शिपायांची नावे होत. त्या काळी महार पुरुषांच्या नावांची घडण तशीच असे. पुढे पाऊण शतकभर बाप, मुलगा, नातू असे एकाच घरातून शिपाई भरती होत राहिले.

सैन्याने या माणसांना पगार दिला, पण त्याहून मोठी अशी एक देणगी दिली, ती अक्षरांची. मुंबई सैन्यात पलटणीच्या शाळा असत आणि शिपायांना व त्यांच्या मुलांना तेथे शिकावे लागे. गावात ज्या मुलाला शाळेच्या पायरीपर्यंतही पोहोचता येत नव्हते, तोच मुलगा छावणीत मोडी-बालबोध लिहू लागला, हिशेब करू लागला, पोथी वाचू लागला. काहींना इंग्रजीचाही परिचय झाला. त्यांच्यातीलच कोणी शिक्षक होई. रामजी सुभेदारांनी तर चौदा वर्षे मुख्याध्यापकी केली. महाराष्ट्रातील अस्पृश्य समाजात साक्षरांचा जो पहिला वर्ग तयार झाला, तो बहुतांशी या पलटणीच्या शाळांतून.

पण नोकरी संपवून हा शिपाई घरी परतला, की त्याला काय दिसे? गाव होते तेथेच होते. महाराने चावडीवर हजेरी द्यावी, सरकारी टपाल पुढच्या गावी पोहोचवावे, शेताच्या हद्दी दाखवाव्या, मेलेली जनावरे ओढावी आणि त्याबदल्यात बलुते घ्यावे, हा क्रम चालूच होता. ज्या हाताने बंदूक पेलली त्या हाताचा स्पर्श विहिरीच्या दोराला चालत नव्हता. गावकीत राहणाऱ्या महाराने याविरुद्ध तोंड उघडले, तर बलुते बंद होई आणि घरात चूल पेटणे अवघड होई. पेन्शनराची गोष्ट वेगळी होती. त्याची रक्कम सरकारी खजिन्यातून येई. पाटलाला किंवा गावाला ती बंद करता येत नव्हती. रक्कम मोठी नव्हती, पण तिने माणसाला मान वर करून बोलण्याइतके निर्भय केले. अस्पृश्यतेविरुद्धची संघटित हाक प्रथम शेतमजुराने किंवा वतनदाराने दिली नाही, पेन्शनराने दिली, याचे कारण येथे आहे.

गोपाळबाबांनी या निर्भयतेचा उपयोग केला. जोतीराव फुले यांच्या विचारांचा ठसा त्यांच्या मनावर खोल उमटला होता. फुल्यांनी १८५२ मध्ये पुण्यात अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा उघडली होती, १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ लिहिला होता आणि त्याच वर्षी सत्यशोधक समाजाची स्थापना केली होती. या विचारांचा पुरस्कार करणाऱ्या ‘दीनबंधु’ पत्रातून गोपाळबाबा लिहू लागले, आणि पुढे आगरकरांच्या ‘सुधारका’तूनही. अस्पृश्य समाजातून आलेल्या पहिल्या लेखकांत आणि पत्रकारांत त्यांची गणना होते. पलटणीच्या शाळेत अक्षरे गिरवलेला एक हवालदार पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांत धर्मशास्त्राच्या अर्थाविषयी वाद घालतो, ही घटना त्या काळाच्या मानाने लहान नव्हती.

१८८८ मध्ये त्यांचे ‘विटाळविध्वंसन’ हे लिखाण प्रसिद्ध झाले. नावातच त्याचा हेतू स्पष्ट आहे. यात आक्रोश कमी आहे आणि प्रश्न पुष्कळ आहेत. उच्च जातीच्या लोकांना उद्देशून त्यांनी प्रश्नांची मालिकाच मांडली: विटाळ हा कोठून आला, तो ईश्वराने निर्माण केला की माणसाने, आणि माणसाने केला असेल तर तो माणसाला मोडता का येऊ नये? प्रश्न विचारण्याची ही रीत मोठी मार्मिक होती. आरोप केला, की समोरचा चिडतो आणि निघून जातो. प्रश्न विचारला, की उत्तराची जबाबदारी त्याच्यावर येते. उत्तर न देणे हेही एक उत्तरच ठरते.

या प्रश्नांमागील उपपत्ती फुल्यांच्या विचारपरंपरेतली होती. या भूमीचे मूळ रहिवासी ते अनार्य; बाहेरून आलेल्या आर्यांनी त्यांना जिंकले आणि ज्यांनी अधिक प्रतिकार केला त्यांना अधिक खाली ढकलले, असे ते प्रतिपादन होते. म्हणूनच गोपाळबाबांनी दापोलीस जी संस्था काढली, तिचे नाव ‘अनार्य दोषपरिहारक मंडळी’ असे ठेवले. अनार्य म्हणून जो दोष माथी मारला गेला आहे त्याचा परिहार करणारी ही मंडळी. नावापुरते पाहिले तर ते संस्कृत शब्दांनी भरलेले आणि थोडे अवघड आहे. परंतु ज्या समाजाला शास्त्राचे अक्षर वाचण्याचा अधिकार नाकारला होता, त्या समाजाने शास्त्राच्याच भाषेत आपल्या संस्थेचे नाव घडवावे, यात एक ठाम निश्चय दिसतो. अस्पृश्यांनी स्वतः चालविलेल्या महाराष्ट्रातील पहिल्या संस्थांत तिचा समावेश होतो.

दापोलीच्या पेन्शनरांचे एक गाऱ्हाणे मात्र शास्त्राचे नव्हते, रोजच्या जगण्यातले होते. ते होते शाळेचे. पलटणीत असताना त्यांच्या मुलांना शाळा होती. निवृत्त होऊन गावात आले, की त्याच मुलांना नगरपालिकेच्या शाळेचे दार बंद. सरकारी धोरण कागदावर वेगळे होते. १८५६ मध्ये धारवाडला एका महार मुलाला सरकारी शाळेत प्रवेश नाकारला गेला तेव्हा प्रकरण वरपर्यंत गेले होते, आणि संपूर्ण सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींना खुल्या राहतील असे तत्त्व १८५८ मध्ये मान्य झाले होते. पण तत्त्व सरकारचे आणि शाळा गावाची, असा हा पेच होता. १८९० नंतरच्या दोन-चार वर्षांत दापोलीच्या महार पेन्शनरांनी याविरुद्ध अर्ज केले. वरिष्ठ अधिकाऱ्यांपर्यंत दाद मागितली. अखेर प्रवेश मिळाला, पण तो वर्गात नव्हे. या मुलांना शाळेच्या व्हरांड्यात बसविण्यात आले.

व्हरांडा हा शब्द सहज उच्चारला जातो, पण त्याचा अर्थ नीट लक्षात घ्यावयास हवा. मास्तरांचा आवाज भिंतीपलीकडून येणार, फळा दिसला तर दिसणार, पाटी तपासावयाची तर ती दुरून तपासली जाणार, आणि कोकणातल्या पावसाची झड आली, की मुलांनी अंग चोरून बसावयाचे. सरकारच्या दप्तरात मात्र ‘प्रवेश दिला’ अशी नोंद होणार. ज्यांनी आयुष्य सरकारच्या शब्दावर विश्वास ठेवून घालविले, त्या पेन्शनरांना शब्द आणि व्यवहार यांतील हे अंतर किती बोचले असेल, हे सांगावयास नको. तरीही त्यांनी मुले शाळेतून काढून नेली नाहीत. व्हरांड्यात का होईना, पण मुलगा शाळेच्या आवारात बसला पाहिजे, आणि आत जाण्याचा प्रश्न पुन्हा उभा करता आला पाहिजे, हा त्यांचा व्यवहारी विचार होता.

एवढ्यात त्याहून मोठा घाव बसला. १८५७ नंतर इंग्रजांच्या सेनाधिकाऱ्यांत एक मत बळावत चालले होते, की हिंदुस्थानातील काही जातीच तेवढ्या लढवय्या आहेत, बाकीच्यांकडून लढाई होणे नाही. १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती असलेले लॉर्ड रॉबर्ट्स हे या मताचे मोठे पुरस्कर्ते. पलटणी जातवार रचण्याचे धोरण आले. उत्तरेकडील भरतीला अग्रक्रम मिळाला. आणि १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. ज्यांच्या तीन पिढ्यांनी सैन्यात हाडे झिजविली, त्यांच्या चौथ्या पिढीला आता शिपाई होण्यास अपात्र ठरविण्यात आले.

या हुकुमाचा परिणाम केवळ काही जागा गेल्या एवढाच नव्हता. भरती गेली म्हणजे पगार गेला, पगार गेला म्हणजे पुढचे पेन्शन गेले, आणि पलटण गेली म्हणजे पलटणीची शाळाही गेली. ज्या शिडीने हा समाज थोडासा वर चढला होता, ती शिडीच काढून घेतली गेली. गोपाळबाबांना आणि त्यांच्या सोबत्यांना स्वतः काहीच गमवावे लागणार नव्हते. त्यांची पेन्शने चालूच राहणार होती. त्यांना चिंता होती ती पुढच्या पिढ्यांची. निवृत्त माणसाने हाती घेतलेले हे कार्य निव्वळ परोपकाराचे होते, ते यासाठीच.

१८९४ मध्ये अनार्य दोषपरिहारक मंडळीच्या वतीने गोपाळबाबांनी मुंबई सैन्याच्या सरसेनापतीला उद्देशून एक दीर्घ अर्ज तयार केला. महार, चांभार आदी जातींची भरती पुन्हा सुरू करावी, ही त्यातली मुख्य मागणी. या जाती पूर्वी क्षत्रिय होत्या. दुर्गादेवीच्या भयंकर दुष्काळात पोट जाळण्यासाठी अभक्ष्य भक्षण करावे लागले आणि त्यामुळे त्यांना खालची पायरी आली, असा इतिहासाचा पक्ष त्यात मांडला होता. त्याला जोड होती ती प्रत्यक्ष चाकरीची: सरकारसाठी या लोकांनी रक्त सांडले आहे, त्याची आठवण ठेवावी. सुभेदार रामजींचेही प्रयत्न याच दिशेने चालले होते. भरतीबंदीविरुद्ध अर्जाचा मसुदा करून घेण्यासाठी ते न्यायमूर्ती रानड्यांकडे गेले होते.

आज हा अर्ज वाचताना त्यातील दोन गोष्टी खटकतील. पहिली, क्षत्रियत्वाचा दावा. माणूस म्हणून हक्क मागण्याऐवजी पूर्वजांच्या थोरवीवर हक्क का मागावा? दुसरी, परकीय सत्तेच्या चाकरीचा अभिमान. या दोन्ही शंका रास्त आहेत. परंतु त्यांचे उत्तर त्या काळातच शोधले पाहिजे. लढवय्या जात कोणती, असा प्रश्न सरकारने उभा केला होता. त्यामुळे अर्जदाराला आपण लढवय्ये आहोत हेच सिद्ध करावे लागले. न्यायाधीश ज्या भाषेत प्रश्न विचारतो त्या भाषेत उत्तर द्यावे लागते. पुढच्या पिढीने ही भाषा बदलली. डॉ. आंबेडकरांनी पूर्वजांच्या कुळाचा आधार न घेता माणुसकीच्या आणि नागरिकत्वाच्या पायावर हक्क मागितला. पण पायरी बदलण्यासाठी आधी एक पायरी बांधलेली असावी लागते.

परकीय चाकरीविषयी म्हणावयाचे, तर ज्या गावात स्वकीयांनी विहीर, देऊळ आणि शाळा तिन्ही नाकारली होती, त्या गावातील माणसाला स्वकीय आणि परकीय हा भेद जसा इतरांना दिसे तसा दिसणे शक्य नव्हते. पलटणीने त्याला दर्जा दिला, आणि पलटणीनेच तो काढून घेतला. १८९४ च्या अर्जात कृतज्ञता आहे आणि तक्रारही आहे. सरकार तारणहार नव्हे, त्यालाही त्याच्या शब्दाची आठवण करून द्यावी लागते, हा धडा दापोलीच्या पेन्शनरांनी त्या वर्षांत घेतला.

अर्जाला यश आले नाही. भरती बंदच राहिली. परंतु १८९५ मध्ये एक वेगळी घटना घडली. लॉर्ड रिपनच्या काळात स्थानिक स्वराज्याचे वारे वाहू लागले होते आणि मुंबई इलाख्यात तालुका लोकल बोर्डे स्थापन झाली होती. त्यांपैकी महाडच्या बोर्डावर सरकारने गोपाळबाबांची नेमणूक केली. एक महार गृहस्थ बोर्डाचा सभासद म्हणून इतरांच्या बरोबरीने बैठकीत बसणार, या कल्पनेनेच उच्चवर्णीय सभासदांत खळबळ उडाली आणि नेमणुकीला विरोध झाला. ज्या तालुक्यात महाराने चावडीबाहेर उभे राहून हुकूम ऐकावयाचा, त्या तालुक्याच्या कारभारात तोच महार मत देणार होता. मुलांना व्हरांड्यात बसविता येते. सभासदाला कोठे बसवावयाचे, हा प्रश्न तितका सोपा नव्हता.

गोपाळबाबा १९०० मध्ये निवर्तले. त्यांच्या हयातीत भरती सुरू झाली नाही, व्हरांडा संपला नाही, विटाळाचा विध्वंसही झाला नाही. हिशेबाच्या वहीप्रमाणे जमेच्या बाजूला फारसे काही मांडता येणार नाही. पण त्याच वर्षी ७ नोव्हेंबर रोजी, साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीच्या वर्गात, रामजी सुभेदारांच्या भिवाचे नाव दाखल झाले. रामजी दापोलीहून पुढे साताऱ्यास गेले होते. महाराष्ट्रात हा दिवस २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. एका पेन्शनराचे आयुष्य संपते आणि दुसऱ्या पेन्शनराचा मुलगा शाळेत पाऊल ठेवतो, या दोन घटनांत कार्यकारणाचा थेट धागा दाखविता येणार नाही. पण दोन्ही घरांत शाळेविषयी जी आस होती, ती एकाच छावणीतून आलेली होती.

भरतीची मागणीही गोपाळबाबांबरोबर संपली नाही. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी १९०३ मध्ये सासवडला ५१ गावांतील महारांची सभा भरवून तीच मागणी पुन्हा मांडली, आणि १९१० मध्ये विलायतेतील भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला. पहिल्या महायुद्धात माणसांची निकड लागली, तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी झाली. युद्ध संपताच १९२१ पर्यंत ती मोडूनही टाकली गेली. १९४१ च्या ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंटची स्थापना झाली, आणि ती मात्र टिकली. आज तिचे केंद्र मध्य प्रदेशातच, सागर येथे आहे. जनरल कृष्ण राव आणि जनरल सुंदरजी हे भारताचे दोन सेनापती याच रेजिमेंटचे. १९८७ मध्ये श्रीलंकेत धारातीर्थी पडलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना परमवीरचक्र मिळाले, तेही याच रेजिमेंटचे अधिकारी. या रेजिमेंटमध्ये पुढे देशातील सर्व जातींचे जवान आले. दापोलीच्या अर्जाला मिळालेले उत्तर असे सत्तेचाळीस वर्षांनी, आणि अर्जदाराने मागितले होते त्याहून मोठे, आले.

आणि महाड? १९ व २० मार्च १९२७ रोजी त्या गावी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, आणि २० तारखेला डॉ. आंबेडकरांच्या मागोमाग हजारो पावले चवदार तळ्याकडे चालू लागली. परिषदेच्या भाषणात बाबासाहेबांनी कोकणातील पेन्शनरांच्या पूर्वीच्या पिढीचा आवर्जून उल्लेख केला. लष्करी नोकरीमुळे या भागातील समाज एके काळी पुढारलेला होता, आणि भरती बंद झाल्यामुळे तो मागे पडला, हे त्यांनी श्रोत्यांसमोर मांडले. ज्या महाडच्या लोकल बोर्डावर एका निवृत्त हवालदाराच्या नेमणुकीने बत्तीस वर्षांपूर्वी खळबळ माजली होती, त्याच महाडात आता प्रश्न तळ्याच्या पाण्याचा होता, आणि तो विचारणारा एकटा नव्हता.

मोठ्या चळवळींचा इतिहास लिहिताना आपण बहुधा त्यांच्या उच्चबिंदूपासून आरंभ करतो. तळे, परिषद, सत्याग्रह, कायदा ही शिखरे दुरूनही दिसतात. त्यांच्या पायथ्याशी कोण होते? दिव्याच्या उजेडात बोरू झिजविणारा, जुना कोट अंगात घालून कचेरीच्या ओसरीवर साहेबाची वाट पाहणारा, चार सोबत्यांना सही करण्यास राजी करणारा असा कोणी पेन्शनर होता. त्याच्याजवळ पैसा नव्हता, पद नव्हते, मागे मोठी संघटना नव्हती. होते ते तीन गुण, आणि तिन्ही त्याला पलटणीने शिकविले होते: वेळेवर उठणे, काम पुरते करणे, आणि हुकूम मनासारखा आला नाही म्हणून चौकी न सोडणे.

अशी माणसे केवळ कोकणातच झाली असे नाही. महूच्या छावणीच्या सावलीत, देवास-धारच्या कसब्यांत, साताऱ्याच्या डोंगरी खेड्यांत, जेथून जेथून माणसे फौजेत गेली आणि परत आली, तेथे तेथे ती झाली असली पाहिजेत. कोणी वाचनालय उघडले, कोणी तालमीची माती चाळली, कोणी साथीच्या दिवसांत औषधाची पेटी घेऊन घरोघर फिरले, कोणी दुसऱ्यांच्या लेकरांची फी भरली. गोपाळबाबांचे लेखन छापले गेले आणि त्यांचा अर्ज जपला गेला, म्हणून ते आपल्याला ठाऊक आहेत. इतरांचे कागद घरच्या लोखंडी ट्रंकेत, पेन्शनच्या पुस्तकाखाली आणि पदकांच्या रिबिनींशेजारी पडून आहेत. काहींची वाळवीने माती केली असेल.

त्या ट्रंका उघडण्याची वेळ झाली आहे. घरातील जुन्या शिपायाने कोणाकोणासाठी अर्ज लिहिले, त्यांना काय उत्तर आले, शाळेच्या, विहिरीच्या, रस्त्याच्या कामी त्याने कोणाचे दार ठोठावले, हे कागद पाहून आणि वडीलधाऱ्यांना विचारून टिपून ठेवता येईल. त्यासाठी मोठ्या विद्वत्तेची गरज नाही. पदक कोणत्या लढाईत मिळाले हे बहुतेक घरांत ठाऊक असते. लढाईहून परतल्यावर पुढची वीस-पंचवीस वर्षे त्याने काय केले, हे मात्र कोणी विचारलेले नसते. गोपाळबाबा वलंगकरांना लक्षात ठेवावयाचे ते त्यांच्या या उत्तरार्धासाठी. निवृत्तीपासून मृत्यूपर्यंत अवघी चौदा वर्षे त्यांना मिळाली, आणि ती त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांसाठी खर्च केली.